जिना उतरतो, उंबरठा अडतो

सुरत शहराच्या लिंबायत भागात मराठी बोलणाऱ्यांची फार मोठी वस्ती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस आलेली, यंत्रमागांवर आणि कापड रंगविण्या-छापण्याच्या गिरण्यांत कामास लागलेली माणसे येथे स्थायिक झाली. महापालिकेच्या मराठी शाळांतून त्यांची मुले शिकली. तरुणपणी आलेल्या त्या पिढीतील पुष्कळजण आता साठी-सत्तरीच्या घरात आहेत, आणि उतारवयाबरोबर येणारे विकार अशा घरांतूनही दिसू लागले आहेत. त्यांपैकी एक विकार असा आहे की, त्याने रुग्ण जितका गांजतो तितकाच तो घरच्या माणसांस कोड्यात टाकतो. तो म्हणजे कंपवात, अथवा डॉक्टरांच्या भाषेत पार्किन्सनचा आजार.

कोडे कसले ते पाहण्यासारखे आहे. वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहणारे एखादे आबा अरुंद, खड्या जिन्याने कठड्याला धरून एकेक पायरी नीट उतरतात. खाली सपाट जमिनीवर आल्यावर मात्र त्यांची पावले आखूड होतात, पाय घासू लागतात, आणि दाराच्या उंबरठ्याशी तर ते जमिनीला खिळल्यासारखे उभे राहतात. मागून मुलगा म्हणतो, "आबा, चला ना!" जिना उतरता येतो आणि दोन बोटांचा उंबरठा ओलांडता येत नाही, हे त्याला पटत नाही. कोणी म्हणते हट्ट आहे, कोणी म्हणते भीती बसली आहे, आणि एखादा तोंडावर नाही तरी मनात म्हणतोच की हे सोंग आहे. वस्तुतः हे सोंग नव्हे. जिना सुकर आणि सपाट जमीन दुष्कर, हे या रोगाचे एक प्रसिद्ध लक्षण आहे. आणि चालण्यास साहाय्य करणारी जी नवी उपकरणे आज अंगावर वागवावयास मिळू लागली आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ याच लक्षणात सापडते.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एका छोट्या निबंधात या रोगाची सहा उदाहरणे वर्णिली. त्यांत हातांचा कंप होता, तसेच पुढे झुकलेले शरीर आणि चालताना आपोआप धावू लागणारी पावलेही होती. रोग मेंदूत नेमका कोठे होतो हे समजण्यास मात्र पुढे शतकाहून अधिक काळ लागला. मेंदूच्या खोल भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा आहे. या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करतात. त्या हळूहळू मरू लागतात, आणि निम्म्याहून अधिक नाहीशा होईपर्यंत बाहेर फारसे काही दिसत नाही. १९६० च्या सुमारास डोपामीनची ही उणीव सिद्ध झाली. ती भरून काढणारे लेव्होडोपा हे औषध १९६७ नंतर सर्रास वापरात आले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे त्याने उठविली. आजही या रोगाचा मुख्य आधार तेच औषध आहे. रोग संसर्गाचा नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही येथे सांगितलेले बरे. कारण रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरे अजून असतात.

आता चालण्याचा प्रश्न. निरोगी मनुष्य चालतो तेव्हा प्रत्येक पावलाचा विचार करीत नाही. बोलत, भाव करीत, हातात दुधाची पिशवी घेऊन तो चालतच राहतो. हे कसे होते ते लिंबायतच्या माणसाला मागाच्या उपमेने लवकर कळेल. मोटारीचा पट्टा मागाला नीट लागलेला असला म्हणजे धोटा आपण होऊन इकडून तिकडे जातो, फणी आपण होऊन ठोकते. विणकराचे लक्ष फक्त तुटलेल्या धाग्याकडे असते. पट्टा घसरू लागला म्हणजे मात्र माग अडखळतो, थांबतो, आणि तो पुढे सरकवावयाचा तर चाक हाताने फिरवावे लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ज्या पेशीसमूहांना डोपामीन लागते, ते सवयीच्या हालचालींचा असा पट्टा होत. डोपामीन कमी पडले की पट्टा घसरतो. पायांतील शक्ती गेलेली नसते, चालण्याचे ज्ञानही गेलेले नसते. जाते ती आपोआप चालू राहण्याची सोय. दार अरुंद असले, वळावयाचे असले, घाई झाली, मागून कोणी हाक मारली अथवा हातात पाण्याचा पेला असला, की हा पट्टा हमखास घसरतो. पाय जागच्या जागी थरथरतात पण उचलत नाहीत. रोग जुना झालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना तरी हे पाय थिजणे कधी ना कधी अनुभवास येते. धड पुढे गेलेले असते आणि पाय मागे राहिलेले असतात. म्हणून माणूस पडतो. या वयात पडणे म्हणजे पुष्कळदा खुब्याचे हाड मोडणे, आणि त्यानंतर कित्येकजण पुन्हा घराबाहेर पडत नाहीत.

तथापि पट्टा घसरला तरी हाताने फिरवावयाचे चाक शाबूत असते. मेंदूत हालचालीचा दुसराही एक मार्ग आहे, आणि तो जाणीवपूर्वक करावयाच्या कृतीचा आहे. डोळ्यांनी काही दिसले, कानांनी काही ऐकले, आणि त्याला उत्तर म्हणून पाऊल टाकले, तर ते याच दुसऱ्या मार्गाने पडते. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्याला सांगते की पाऊल येथे टाक. सपाट फरशी असे काहीच सांगत नाही. इंग्लंडमधील जेम्स पर्डन मार्टिन या मज्जातंतुतज्ज्ञांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविले की, जमिनीवर पावलापावलाच्या अंतरावर आडव्या रेघा आखल्या तर थिजलेला रुग्ण त्या ओलांडीत चालू लागतो. रेघा आडव्याच हव्यात. चालण्याच्या दिशेने ओढलेल्या उभ्या रेघांचा तसा उपयोग होत नाही.

हीच गोष्ट पुण्याच्या एका घरात अगदी स्वतंत्रपणे ध्यानात आली. मिलेहा सोनेजी ही पुण्यात वाढलेली आणि पुढे नेदरलँड्समध्ये शिकलेली अभिकल्पक तरुणी. तिच्या काकांना हा आजार होता. सपाट जागी कुबडीच्या चौकटीशिवाय न चालणारे काका जिना मात्र सहज उतरतात, हे तिने पाहिले आणि ते त्यांच्या सपाट खोलीतच जिना आणला, म्हणजे जमिनीवर पायऱ्यांचा आभास होईल असे चित्र पसरले. काका त्यावरून न अडखळता चालले. २०१५ साली तिने एका व्याख्यानात हा प्रयोग जगापुढे मांडला. त्यात यंत्र नव्हते, वीज नव्हती. होते ते रुग्णाकडे नीट पाहणे. सोंग आहे असे म्हणून जे घर डोळे मिटते, त्याला हा शोध कधीच लागला नसता.

डोळ्यांचे जे काम रेघ करते तेच कानांचे काम ताल करतो. अमेरिकेत मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना तालाच्या ध्वनिफिती घरी दिल्या आणि तीन आठवडे रोज त्या तालावर चालावयास लावले. त्यांच्या चालण्याचा वेग सुमारे एक चतुर्थांशाने वाढला आणि पावलाची लांबीही वाढली. श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत वाद्यांच्या ठेक्यावर एरवी अडखळणारी एखादी वृद्धा चार पावले मोकळी टाकते, किंवा लेझमीच्या आवाजाबरोबर म्हाताऱ्याचे पाय सुटतात, यात चमत्कार नाही. तोच दुसरा मार्ग तेथे उघडलेला असतो. पुण्यात ऋषिकेश पवार या नर्तकाने कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले, त्यांच्याही मुळाशी हेच तत्त्व आहे. मात्र ताल हा ज्याचा त्याला जुळणारा हवा. साधारण प्रौढ मनुष्य मिनिटाला शंभर ते एकशेपंधरा पावले टाकतो. रुग्णाची गती आधी मोजून ताल तिच्या आसपास ठेवावयाचा असतो. ज्यांचे पाय थिजतात त्यांच्यासाठी तो किंचित संथच बरा. भरभर वाजणारा ठेका त्यांचे पाय सोडविण्याऐवजी अधिक गुंतवितो.

घरातल्या फरशीवर रेघा मारता येतील, पण त्या बाजारात कशा न्यावयाच्या? बरोबर मिरवणूक घेऊन औषधाच्या दुकानात कोण जाणार? अंगावर वागवावयाच्या उपकरणांचे प्रयोजन एवढेच आहे, की बाहेरचा इशारा माणसाबरोबर हिंडावा. काही उपकरणे कानात ठोके देतात. काही मनगटावर, घोट्यावर अथवा छातीवर बसून त्वचेला ठरावीक वेळाने हलकी थरथर देतात. काही पावलापुढे प्रकाशाची रेघ टाकतात. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात क्लाउडिया बार्थेल यांनी सिद्ध केलेल्या पादत्राणांत प्रत्येक बुटाच्या टोकाशी लेसरचा छोटा दिवा असतो. एक पाय जमिनीवर टेकला की त्याच्यापुढे लाल रेघ उमटते आणि दुसऱ्या पायाने ती ओलांडावयाची असते. मग तो पाय टेकला की पुढची रेघ. प्रयोगशाळेतील चाचणीत, औषधाचा अंमल नसताना, पाय थिजण्याचे प्रसंग या बुटांनी सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाले. औषधाचा अंमल असतानाही घट झाली, पण ती थोडी कमी होती.

याहून पुढची पायरी म्हणजे, गरज पडेल तेव्हाच इशारा देणारे यंत्र. सतत वाजणारा ठोका थोड्या वेळाने कानाला सवयीचा होतो, आणि सवयीच्या गोष्टी तर या रोगात निकामी ठरतात. म्हणून पाय थिजत आहेत हे यंत्रानेच ओळखावे, अशी कल्पना निघाली. मोबाइल फोन आडवा धरला की पडद्यावरचे चित्र फिरते, ते ज्या सूक्ष्म प्रवेगमापकामुळे, तोच येथे पोटरीला बांधतात. नेहमीच्या चालण्यात पायाची हालचाल सेकंदाला अर्ध्यापासून तीन आवर्तनांपर्यंत असते. थिजलेला पाय मात्र सेकंदाला तीन ते आठ वेळा थरथरतो. हालचालीतील या दोन भागांचे प्रमाण यंत्र सारखे मोजत राहते आणि थरथरीचे पारडे जड झाले की ठोके सुरू करते. झुरिच आणि तेल अवीव येथील संशोधकांनी २०१० साली असे यंत्र दहा रुग्णांच्या अंगावर चढवून पाहिले. थिजण्याचे सुमारे ७३ टक्के प्रसंग त्याने जागच्या जागी ओळखले. याचा अर्थ असा की चारांतील एक प्रसंग त्याच्या हातून निसटला, आणि काही वेळा पाय थिजले नसतानाही ते वाजले. यंत्राला थिजणे आणि मुद्दाम थांबणे यांतील भेद कळणे सोपे नाही; आबा शेजाऱ्याशी बोलावयास थांबले आहेत की अडले आहेत, हे शेजाऱ्यालाही कधी कधी कळत नाही.

या उपकरणांविषयीच्या जाहिराती वाचताना युरोपातील एका मोठ्या चाचणीचा निकाल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत इंग्लंड, बेल्जियम आणि नेदरलँड्स येथील १५३ रुग्णांना त्यांच्या घरीच, तीन आठवडे, इशाऱ्यावर चालण्याचा सराव दिला. ध्वनी, प्रकाश आणि थरथर असे तिन्ही इशारे देणारे यंत्र त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा बहुतेकांनी ध्वनी पसंत केला, उरलेल्यांनी थरथर. चाल सुधारली, पाय थिजणेही कमी झाले. पण सुधारणा लहान होती, थिजण्याच्या बाबतीत साडेपाच टक्क्यांची, आणि सराव थांबल्यावर सहा आठवड्यांत ती बहुतांशी ओसरली. थोडक्यात, हे उपकरण चष्म्यासारखे नाही, की एकदा डोळ्यांवर चढविले म्हणजे झाले. व्यायामाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. इशाऱ्याशिवाय केवळ शक्तीने पाय पुढे ओढणारे यंत्रही निघाले आहे. हार्वर्ड आणि बोस्टन विद्यापीठांतील संशोधकांनी मांड्यांना गुंडाळावयाच्या, मऊ कापडाच्या आणि मोटारीने ओढल्या जाणाऱ्या दोऱ्यांच्या पोषाखाने एका ७३ वर्षांच्या गृहस्थाचे घरातील पाय थिजणे जवळजवळ नाहीसे केले. २०२४ साली ही बातमी सर्वत्र गाजली. रुग्ण एकच होता, हे बातमी ऐकणाऱ्यांनी विसरावयाचे नाही.

आता ही उपकरणे लिंबायतच्या गल्लीत आणून पाहावी. लेसरची लाल रेघ प्रयोगशाळेच्या गुळगुळीत फरशीवर ठळक दिसते. वैशाखातल्या सुरतेच्या उन्हात, धुळीच्या रस्त्यावर ती दिसेनाशी होते. शिवाय ती बुटांत बसविलेली, आणि येथला वृद्ध मनुष्य घरात अनवाणी आणि बाहेर चपलांत. पाय घासणाऱ्या रुग्णाला मागे पट्टा नसलेली चपल मुळातच धोक्याची, हे जाता जाता सांगावयास हवे. कानातील ठोक्यांची अडचण निराळीच आहे. ज्याने तीस-चाळीस वर्षे यंत्रमागांच्या खडखडाटात काढली, त्याचे कान पुष्कळदा आधीच अधू झालेले असतात. त्यांत कानात बोंडे घालून, मागून येणाऱ्या रिक्षेचा भोंगा न ऐकता, त्याने रस्त्याने चालावे हे शहाणपणाचे नव्हे. या दृष्टीने पाहता त्वचेवरची थरथर हाच इशारा अशा माणसाला सर्वांत सोयीचा दिसतो. ती उन्हात फिकी पडत नाही, गोंगाटात बुडत नाही, आणि चारचौघांत कोणाला दिसतही नाही. ही शेवटली गोष्ट लहान नाही. चहाच्या टपरीवर लोक टक लावून पाहतात म्हणून घराबाहेर पडणे सोडून दिलेले रुग्ण थोडे नाहीत.

अशा उपकरणांतील सुटे भाग दुर्मिळ नाहीत. प्रवेगमापक आणि थरथरणारी मोटार प्रत्येक मोबाइल फोनात असते. किंमत चढते ती मोजमापाची, चाचणीची आणि ते परदेशातून येण्याची. म्हणून कर्ज काढून काही मागविण्यापूर्वी घरच्यांनी इशारा लागू पडतो की नाही हे फुकटच्या साधनाने पाहावे हे उत्तम. फोनमध्ये मिनिटाला ठरावीक ठोके देणारा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. नसेल तर मुलाने शेजारी चालत "एक, दोन" असे मोजावे. ज्याचे पाय या मोजण्याने सुटतात, त्याला यंत्राचा उपयोग होण्याचा संभव आहे. ज्याचे सुटत नाहीत, त्याचा पैसा वाचला. काहींची स्मृती व समज रोगाबरोबर मंदावलेली असते. इशाऱ्याकडे लक्ष देणे हेच त्यांना ओझे होते आणि चाल उलट बिघडते. अशांच्या बाबतीत उपकरणाचा आग्रह धरू नये.

त्याआधी औषधाचे वेळापत्रक तपासलेले बरे. लेव्होडोपाचा अंमल काही तासांचा असतो, आणि पुष्कळांचे पाय तो उतरल्यावरच थिजतात. दिवसभरात केव्हा पाय अडले, गोळी केव्हा घेतली होती आणि जेवण केव्हा झाले, हे आठ दिवस वहीत टिपून डॉक्टरांना दाखविले, तर कधी कधी गोळीची वेळ बदलूनच अर्धे काम होते. ही वही म्हणजेही एक प्रकारे अंगावरच्या यंत्राचेच काम; यंत्र ते रात्रंदिवस करते, एवढाच फरक. नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मिमेर ही दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये शहरात आहेत. तेथे जाताना केवळ 'हात थरथरतात' असे न सांगता 'दारात पाय अडतात, जिन्यावर अडत नाहीत' असे स्पष्ट सांगावे, आणि शक्य तर फोनवर टिपलेले चित्र दाखवावे. कारण डॉक्टरांच्या समोर रुग्ण बहुधा चांगला चालतो. दवाखान्यात लक्ष देऊन चालणे होते, आणि लक्ष देऊन चालणे हाच तर तो दुसरा मार्ग. मराठीतून माहिती हवी असणाऱ्यांना पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचा आधार आहे. रुग्ण आणि त्यांचे आप्त यांनी मिळून चालविलेली ही संस्था या विषयावर पुष्कळ साहित्य मराठीत देते.

राहिला तो प्रत्यक्ष पाय थिजण्याचा क्षण. घरचे माणूस अशा वेळी हाताला धरून पुढे ओढते. प्रेमाने ओढते, पण ओढल्याने धड पुढे येते, पाय तेथेच राहतात आणि दोघेही पडतात. ओढावयाचे नाही, घाई करावयाची नाही. रुग्णाने पूर्ण थांबावे, ताठ उभे राहावे, शरीराचा भार एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायावर घ्यावा, आणि मग मोकळा झालेला पाय मोठे पाऊल टाकण्याच्या इराद्याने उचलावा. मदतनीसाने आपला पाय त्याच्या पावलापुढे आडवा ठेवून "हा ओलांडा" म्हटले, तरी पुष्कळदा काम होते. ती आडवी रेघच होय. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता, जागा असेल तेथे मोठा वळसा घ्यावा. आणि ज्या उंबरठ्याशी रोज अडते, त्याच्या अलीकडे आणि पलीकडे फरशीला उठून दिसेल अशा रंगाच्या चिकटपट्टीच्या तीन-चार आडव्या पट्ट्या लावाव्या. दोन पट्ट्यांतील अंतर रुग्णाच्या सुटलेल्या, मोकळ्या पावलाएवढे असावे, आणि पट्टीची कड वर उचललेली राहणार नाही हे रोज केर काढताना पाहावे.